मुनाऱ्यापलीकडची झोपडी

आमची झोपडी मुनाऱ्याच्या बारा पावलं पलीकडे आहे. मुनारा म्हणजे जंगल खात्यानं आपली हद्द दाखवायला उभा केलेला, चुना फासलेला दगडी खांब. आजोबांनी डोंगराच्या पायथ्याशी कुडाच्या भिंती उभारून वर गवताचं छप्पर घातलं तेव्हा तो खांब तिथं नव्हता. नंतर कोणीतरी फीत धरली, कोणीतरी वहीत लिहिलं, आणि आमचा संत्र्याचा बगीचा खांबाच्या अलीकडे राहिला, झोपडी पलीकडे गेली. खाली बगीच्यात आम्ही मालक. भाकर खायला वर गेलो की अतिक्रमणवाले.

या झोपडीत माझे मोठेबाबा राहतात, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मोठी आई गेल्यापासून एकटेच. आम्ही बाकीचे पांढुर्ण्यात. बाबा शाळेत मास्तर आहेत, आणि मी काय करते याचं उत्तर घरात कोणाकडे नाही. मी पत्रकं लिहिते, वाटते, सभा घेते, लोकांचे अर्ज लिहून देते. झोपडीसाठी वनहक्काचा दावा मीच लावला. आमच्यासारख्या आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा कब्जा दाखवावा लागतो. पुरावा शोधताना आजोबांच्या पेटीत जंगल खात्यानं त्यांना केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या सापडल्या. बाबांना त्यांची लाज वाटायची, मी त्यांच्या झेरॉक्स काढल्या. ज्यांनी दंड केला त्यांनीच लिहून ठेवलं होतं की हा माणूस इथं राहतो.

दावा पडून होता. पडून असलेल्या दाव्याचं एकच पथ्य असतं, जागा सोडायची नाही. चौकशीला माणूस आला आणि घर रिकामं दिसलं की पंचनाम्यात एक ओळ पडते, 'मौक्यावर कोणी आढळले नाही', आणि तीन पिढ्या त्या एका ओळीत संपतात. म्हणून मी पत्रक काढलं होतं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. 'लेखी आदेश दाखवल्याशिवाय कोणीही घर खाली करायला सांगितलं तर करू नका. धमकीला भिऊ नका, गोडीला भुलू नका. तोंडी हुकूम म्हणजे हुकूम नाही.' भाषा चांगली होती, मला अजूनही तसं वाटतं. मोठेबाबा चौथीपर्यंत शिकलेले, छापलेल्या अक्षराचा त्यांना फार मान. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि कणकेच्या खळीनं दाराजवळच्या मेढीला, म्हणजे छपराच्या लाकडी खांबाला, चिकटवलं.

आग लागली ती मोहफुलं वेचून संपल्यावर, ऐन उन्हात. सागाची पानं गळून डोंगरावर घोट्याइतका थर झाला होता. तीन दिवस वर धूर दिसत होता. अशी आग दरसाल कुठं ना कुठं लागते. कोणी म्हणतं मोह वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात त्यानं, कोणी म्हणतं तेंदूपत्त्याला नवी पालवी यावी म्हणून लावतात, कोणी सगळं बिडीवर ढकलतं. मला यातलं एकही पटत नव्हतं. त्याच्या पंधरा दिवस आधी एक पांढरी जीप मुनाऱ्यापर्यंत येऊन गेली होती. दोन माणसं उतरली, डोंगराचे फोटो काढले, मोठेबाबांनी विचारलं तर 'यूं ही' म्हणाले. यूं ही कोणी येत नाही. आणि आता आग कुठून आली, तर जिथं आमच्यासकट नऊ घरांचे दावे पडून होते त्याच बाजूनं. मी आमच्या ग्रुपवर 'योगायोग?' एवढंच लिहिलं आणि पुढं काही लिहिलं नाही. असं लिहिण्यातली सोय मला ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांना नाकेदाराचा फोन आला. नाकेदार म्हणजे आमच्या बाजूच्या जंगलाचा रक्षक. वारा फिरला आहे, तुमच्या भावाला खाली घेऊन जा, ते माझं ऐकत नाहीत, इतकंच तो बोलला. मी बोरगावला पत्रकं वाटायला निघायच्या तयारीत होते. बाबांनी मोटरसायकल काढली, मी पिशवीसकट मागे बसले.

वाटभर मी बाबांच्या कानाशी बोलत होते. फोन आपल्यालेच काहून केला? बाकीच्या आठ घरांना केला का? घर रिकामं झालं की पंचनामा कोण करणार? हाच. साक्षीदार कोण? याचेच चौकीदार. बाबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग गाडी न थांबवता म्हणाले, "तुले धूर दिसून राहिला का?"

"दिसून राहिला."

"मंग आधी धुराचं पाहू."

बाबांचा सरकारवर विश्वास आहे असं नाही. त्यांना सरकारची भीती आहे, आणि सगळी नोकरी ते त्या भीतीला शिस्त म्हणत आले. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

बगीच्यात पोचलो तेव्हा संत्र्याच्या पानांवर राख पडलेली होती, चाळलेल्या पिठासारखी. बाबा विहिरीवरची मोटर चालू करून वरची रांग भिजवायला थांबले, मी चढून गेले. आग दिसण्याआधी ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. वरच्या अंगाला वाळक्या बांबूची पेरं फुटत होती, एक फुटलं की जरा थांबून दुसरं.

मोठेबाबा बाजेवर बसले होते. पायाशी पाण्यानं भरलेला ड्रम, दोन बादल्या, खांद्यावर ओलं गोणपाट. समोर नाकेदार उभा. खाकी सदऱ्यावर घामाचे पांढरे पट्टे, हातात पळसाची ओली फांदी. जळता पाला अशा फांदीनं झोडपून विझवतात. त्याच्यामागे दोन चौकीदार, त्यांच्याही हाती फांद्याच. एवढ्या डोंगराला तीन फांद्या. मला त्याचाही संशय आला. विझवायचीच असती तर तीन माणसं पाठवली असती का?

"तुम्हीच सांगा आता यायले," नाकेदार मला म्हणाला. "मी मघापासून बोंबलून राहिलो."

"लेखी नाही त्याच्यापाशी," मोठेबाबा मला म्हणाले. "मी दोनदा मागतलं."

"बाबाजी, आग आहे ते. आगीचा काय आदेश काढू?"

"ते तुम्ही पाहा."

मी म्हटलं, मोठेबाबा, उठा, हे वेगळं आहे. त्यांनी मेढीवरच्या पत्रकाकडे बोट केलं.

"याच्यात वेगळं कुठी लिहिलं आहे?"

लिहिलं नव्हतंच. धमकीचं लिहिलं होतं, गोडीचं लिहिलं होतं. आगीचं मला सुचलंच नव्हतं. मी त्यांना समजावू लागले. जीव राहिला तर दावा राहील, आता हट्ट करू नका, उद्या सकाळी परत येऊ. बोलता बोलता माझ्याच तोंडचं एकेक वाक्य मला ओळखीचं वाटायला लागलं. नेमकं असंच बोलून लोकांना घराबाहेर काढतात. सभेत मी त्याची नक्कल करून दाखवायची, लोक हसायचे. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुलेही विकत घेतलं का त्याइनं?" ते म्हणाले.

ते इतकं लागलं की घटकाभर आगीची भीतीच गेली. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मग मी नाकेदाराकडे वळले. चार ओळी लिहून द्या म्हटलं. आग आली म्हणून माझ्या आदेशावरून हे थोड्या वेळापुरते खाली गेले, घर यांचंच, कब्जा यांचाच.

नाकेदार मागे सरकला. "मी नाही लिहून देत. मले नोकरी करायची आहे."

"मंग तुमच्या मनात पाप आहे."

"पाप माझ्या मनात?" त्यानं हातातली फांदी खाली टाकली. "तुम्ही माझ्यावर छापलं, नाकेदार घरोघरी कोंबड्या खात फिरते म्हणून. मी कोंबडी खात नाही, बाई. अंडंही नाही. दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीले जातो. माझ्या मायनं वाचलं ते. आता हे लिहून देऊ, अन् उद्या तुम्ही त्याचंही छापसान."

ते पत्रक माझंच होतं. कोंबड्यांचं मला कोणीतरी सांगितलं होतं, कोणी ते आठवत नव्हतं. नाकेदार कोंबड्या खातो ही गोष्ट सगळ्यांना इतकी माहीत असते की विचारून घ्यायची गरज मला वाटली नव्हती. मी तिथं माफी मागितली नाही. मनात म्हटलं, कोंबडी खात नसेल, दुसरं काही खात असेल.

खालून बाबा ओरडले की आग नाल्यावर आली. नाला झोपडीपासून शंभर पावलांवर आहे.

"कागद," मोठेबाबा बाजेवरून म्हणाले. आवाज चहा मागितल्यासारखा.

नाकेदारानं एकदा नाल्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मला म्हणाला, लिहा, पण मी वाचल्याशिवाय सही नाही करत. माझ्या पिशवीत पत्रकांशिवाय कागद नव्हता. एका पत्रकाची कोरी बाजू गुडघ्यावर धरून मी लिहू लागले आणि तो खांद्यावरून एकेक शब्द तपासू लागला. 'आदेशावरून' त्याला चालेना. आदेश द्यायचा मले अधिकार नाही, विनंती लिहा. विनंती मोठेबाबांना चालेना. विनंती तर घरी आलेला पाहुणाही करते, म्हणाले. शेवटी 'सूचनेवरून' ठरलं. 'कब्जा' तो लिहू देईना, 'राहतात' लिहा म्हणाला. मी म्हटलं, 'पूर्वीपासून राहतात'. तो म्हणाला, पूर्वी मी काय पाहाले होतो का, माझी इथली नोकरीच सहा वर्षांची. मग 'सहा वर्षांपासून इथे राहताना मी पाहत आहे' असं लिहिलं. एक चौकीदार मध्येच म्हणाला, साहेब, ठिणग्या येऊन राहिल्या, आणि आम्ही तिघांनीही त्याला थांब म्हटलं. आज त्याची लाज वाटते. पण त्या कागदात एकही शब्द फुकटचा नव्हता, हेही खरं.

त्यानं सही केली. मोठेबाबांनी खाली तारीख घालायला लावली, मग वेळ, मग शिक्का मागितला.

"शिक्का घरी आहे," नाकेदार म्हणाला. "अन् आता उठले नाहीत तर बाजेसकट उचलतो."

मोठेबाबांनी कागदाची घडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आजोबांची पेटी घेऊन उतरायला लागले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा नाकेदार आमच्या ड्रममध्ये फांदी बुडवत होता. आमचा ड्रम त्यानं न विचारता घेतला, हे मी लक्षात ठेवलं.

त्या संध्याकाळी मोठेबाबा पांढुर्ण्यात आमच्या ओट्यावर बसून राहिले, डोंगराकडे तोंड करून. आईनं वाढलेलं ताट तसंच. मध्येच त्यांनी बाबांना विचारलं, "त्यानं सही डाव्या हातानं केली. काहून?"

"डावखुरा असन, दादा."

"का उद्या म्हणन, माझी सहीच नव्हे?"

बाबा मला म्हणाले, घे, तुझा पहिला शिष्य.

सकाळी मी आणि मोठेबाबा वर गेलो. बगीचा वाचला होता, फक्त वरची रांग करपली होती. मुनारा धुरानं काळा पडला होता. झोपडी उभी होती. भिंती होत्या, दार होतं, कुलूप होतं. छप्पर नव्हतं. ते जळालंही नव्हतं, काढून टाकलं होतं. बांबूच्या सांगाड्यातून सरळ आकाश दिसत होतं, आणि सगळं गवत खाली मुनाऱ्यापाशी ओढून टाकलेलं, ओलं.

मला एका क्षणात सगळं कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. आम्हाला गोडीनं खाली घालवलं आणि पाठीमागे घर पाडायला घेतलं. मी फोन काढला. सांगाडा दाखवला, कुलूप दाखवलं, ओलं गवत दाखवलं आणि बोलले, आगीच्या आडून गरिबाचं छप्पर उतरवलं, बघा, छपराचं गवत जळाल्याची एक खूण नाही. आवाज चांगला लागला होता. रेंज मिळते त्या दगडावर चढून तो व्हिडिओ मी जिथं जिथं पाठवता येईल तिथं पाठवला.

खाली आले तर मोठेबाबा बांबूंवरून हात फिरवत होते.

"पाडणारा असं नाही काढत," ते म्हणाले.

पाडणारा आढ्याला दोर बांधून ओढतो. बांबू मोडतात, कूडही सोबत खाली येतो. इथं एकही बांबू तडकला नव्हता. फक्त गवताचे बंध विळ्यानं कापले होते, आणि तेही बांबूंच्या मूळ गाठी शाबूत ठेवून, म्हणजे पुन्हा छप्पर घालताना सांगाडा नव्यानं बांधावा लागू नये. हे गवताचं काम केलेल्या माणसाचं आहे, मोठेबाबा म्हणाले, ठिणगीले खायाले काही ठेवलं नाही त्यानं. मग त्यांनी मला भिंतीमागं नेलं. आग पाच पावलांवर येऊन दोन्ही अंगांनी वळून गेली होती. त्या पाच पावलांतला पाला खरवडून काढलेला. ड्रम रिकामा.

मी म्हटलं, असेल. पण मग फोन करून सांगितलं काहून नाही? मी अजून सोडत नव्हते.

त्याचं उत्तर दुपारी एक चौकीदार घेऊन आला. नाकेदाराचे दोन्ही तळहात भाजले होते, पट्ट्या बांधल्या होत्या, फोन धरता येत नव्हता. आणि माझ्या व्हिडिओपायी जंगल खात्याच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. परवानगीशिवाय कोणाच्या घराला हात काहून लावला, लेखी जबाब द्या. झोपडीचंही ठरलं होतं. तक्रार आली आहे, तर चौकशी होईपर्यंत सगळं जसं आहे तसं राहील. छप्पर घातलं तर नवीन बांधकाम धरलं जाईल.

म्हणजे घर वाचलं होतं आणि राहता येत नव्हतं. वैशाखाच्या उन्हात छपराशिवाय कोण राहील? राहिलं नाही की ती पंचनाम्यातली ओळ आहेच. आगीनं जे केलं नाही ते माझ्या दोन मिनिटांच्या बोलण्यानं केलं. मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो लोकांच्या हाती गेला होता आणि लोक मला शाबासकी देत होते. आमच्या गटातल्या एका ताईंनी बजावलं, माघार घेऊ नकोस, एका नाकेदारासाठी सगळ्यांचे दावे कच्चे होतील. मी म्हटलं, त्यानं छप्पर घर वाचवाले काढलं. त्या म्हणाल्या, तुला कसं माहीत? मोठेबाबांनी गाठी पाहून सांगितलं, एवढंच माझ्यापाशी होतं. बाबा मात्र म्हणाले, लिहून दे. जसं छातीठोक बोलली तसं छातीठोक लिहून दे.

खात्याला कधी काही लिहून देऊ नका, हे मी चार वर्षं लोकांना शिकवलं होतं, आणि आता मीच मोठ्या साहेबांच्या ऑफिसात लिहून द्यायला गेले. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. ऑफिसात चहा आला की मी सावध होते. ते म्हणाले, लिहा, छप्पर काढण्यास आमची हरकत नाही. मी पेन खाली ठेवला. आज हे वाक्य मी लिहिलं की उद्या उरलेल्या आठ घरांची छपरं याच वाक्यावर उतरतील. मी माझ्या शब्दांत लिहिलं. व्हिडिओत मी बोलले ते चूक होतं. गवत आगीपासून घर वाचवण्यासाठी काढलं. भिंती आणि सांगाडा जुनेच आहेत, त्यामुळे तेच गवत परत घालणं हे नवीन बांधकाम नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं, हसले आणि म्हणाले, देखते हैं. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावून राहिले आहे.

परत वर आले तर मोठेबाबा कोणाच्या देखते हैंची वाट न पाहता सांगाड्यावर चढलेले होते. गवत वाळवून त्यांनी पेंढ्या बांधल्या होत्या. मुनाऱ्यापाशी नाकेदार उभा होता, दोन्ही हात पट्ट्यांत, छातीशी धरलेले.

मी त्याच्याकडे गेले. लिहून दिलं आहे, म्हटलं.

"समजलं," तो म्हणाला. "अन् कोंबड्यांचं?"

"तेही छापते. माझी चूक म्हणून."

"मोठ्या अक्षरात छापा. माझ्या मायले लहान दिसत नाही."

मग त्यानं एकदा छपराकडे पाहिलं आणि डोंगराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. आम्हाला सवड मिळावी म्हणून, की उद्या मी पाहिलंच नाही असं म्हणता यावं म्हणून, की मनातल्या मनात पेंढ्या मोजत होता, मला आजही ठाऊक नाही. मी ते हळूच मोठेबाबांना विचारलं. त्यांनी वरूनच हात पुढं केला.

"पेंढी दे," ते म्हणाले. "दिवस बुडाच्या आत हे बाजू झाली पाहिजे."

मी पेंढी उचलून वर दिली.